फॉर्म भरायच्या आधी नाव जुळवा: डिस्टन्सनं एमए करू म्हणणाऱ्या ताईंना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुळे सोलापूरला राहता, बीकॉम 2003 ला झालं, एका खासगी शाळेच्या ऑफिसात अकाउंट बघता, मुलगा दहावीला, आणि आता डिस्टन्सनं एमए करायचंय, जमलं तर सायकॉलॉजी, नाहीतर मराठी. विचारलंय दोनच गोष्टी, विद्यापीठ कुठलं चांगलं आणि या वयात अॅडमिशन मिळेल का. शेवटी जाता जाता लिहिलंय की नवी पेठेत एक जण भेटला, तो म्हणतो 18 हजार द्या, फॉर्मपासून असाइनमेंटपर्यंत सगळं आम्ही बघतो, तुम्ही नुसतं परीक्षेला या.

वयाचं आधी मिटवून टाकतो. वयाची अट नसते. माझ्यासमोर रिटायर झालेले एसटीचे कंडक्टर एमए हिस्ट्री झालेत, आणि सासू-सून एकाच वर्षी फॉर्म भरायला आल्यात, सूनबाई दुसऱ्या वर्षी थांबल्या, सासूबाई पास झाल्या. त्यामुळे ते डोक्यातनं काढा.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात अभ्यासकेंद्राचं काम 22 वर्षं बघितलं, मागच्या वर्षी सुटलो. रविवारी सकाळी कॉलेजचं गेट उघडायचं, टेबल व्हरांड्यात आणायचं आणि दुपारी दोनपर्यंत लोकांची कागदं बघायची, असं ते काम. त्या अनुभवावरनं सांगतो, पेपर अवघड गेला म्हणून डिस्टन्स सोडणारे मी कमी बघितले. लोकं अडकतात ती कागदावर, एकाचं नाव जुळत नाही, दुसऱ्याचं दुसऱ्या वर्षाचं रजिस्ट्रेशन राहतं, तिसऱ्याचा मोबाइल नंबरच त्याचा नसतो. म्हणून विद्यापीठ कुठलं हे जरा नंतर बघू. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो, की डिग्री कशासाठी पाहिजे आणि तुमची जुनी कागदं नवीन फॉर्मला चालतील का.

कशासाठी ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच आहे. एमपीएससीसाठी म्हणत असाल तर राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, एमए लागत नाही, तुमचं बीकॉम पुरेसं आहे, वयाची अट मात्र तिथं असते ती बघा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नुसतं एमए होऊन भागत नाही, नेट किंवा सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा लागते आणि त्याला पदव्युत्तरला 55 टक्के पाहिजेत, आरक्षित प्रवर्गाला 50. म्हणजे तिथं पास होण्याला अर्थ नाही, टक्के पाहिजेत, आणि मग अभ्यास पहिल्या वर्षापासून त्या हिशेबानं करावा लागतो. ज्युनिअर कॉलेजला एमए बरोबर बीएड पाहिजे. शाळेत पगार वाढेल या आशेनं करत असाल तर तुमच्या संस्थेला आधी विचारा, आणि तोंडी नको, लेखी. खासगी संस्थेत क्लार्क-अकाउंटंटला एमएमुळं काही मिळतं का नाही हे त्यांच्या नियमावर आहे, मी इथं बसून सांगू शकत नाही. आणि नुसतं मनासारखं शिकायचं राहिलं होतं म्हणून करत असाल तर लई चांगलं, मग टक्क्यांचं टेन्शन घेऊ नका.

आता सायकॉलॉजी. इथं मला तुमची निराशा करावी लागणार. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी दूरस्थ आणि ऑनलाइन दोन्ही पद्धतीनं शिकवायला बंदी घातलीय. 2021 चा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा जो कायदा आहे त्यात येणारे विषय काढले, सायकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन वगैरे. आधीपासून इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली हे डिस्टन्सनं चालत नव्हतंच, त्यात ही भर पडली. बंदीच्या आधी ज्यांनी प्रवेश घेतला त्यांची गोष्ट वेगळी. तुम्हाला आज कोणी डिस्टन्सनं एमए सायकॉलॉजीची नवीन अॅडमिशन देतो म्हणाला तर तिथंच उठा. नवी पेठेतल्या माणसानं दिलीय का हो ऑफर? दिली असेल तर त्याची परीक्षा तिथंच झाली. सायकॉलॉजीच पाहिजे असा हट्ट असेल तर रेग्युलर कॉलेज हाच रस्ता, आणि नोकरी सांभाळून तो किती जमेल हे तुम्हालाच माहिती.

मग राहिलं मराठी, किंवा इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इंग्रजी. मुक्त विद्यापीठांत यातल्या बऱ्याच एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, बीकॉमवाली बाई एमए इंग्रजी करू शकते, रेग्युलरला एवढं सोपं नसतं. आपल्याकडं लोकं मुख्य दोन नावं घेतात. एक नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, 1989 चं, राज्याचं. दुसरं इग्नू, 1985 ला संसदेच्या कायद्यानं झालेलं, दिल्लीचं, आपलं सोलापूर त्यांच्या पुणे प्रादेशिक केंद्राखाली येतं. शिवाय शिवाजी विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, पुणे विद्यापीठ यांचे स्वतःचे दूरशिक्षण विभाग आहेत. चांगलं कुठलं म्हणाल तर मी उलटं विचारतो, पुस्तक कुठल्या भाषेत वाचणार? मराठी विषय घेतला किंवा मराठीतनं पेपर लिहायचा असेल तर नाशिक सोयीचं, पुस्तकंच मराठीत आणि एकट्यानं घरी वाचायच्या हिशेबानं लिहिलेली. इग्नूला इतिहास-समाजशास्त्रासारखे विषय इंग्रजी किंवा हिंदीतनं. बदलीची नोकरी असलेला, उद्या राज्याबाहेर जाणारा माणूस आला की मी त्याला इग्नू सांगायचो, देशात कुठंही केंद्र बदलून घेता येतं. तुम्हाला तो प्रश्न नाही. डिग्रीची किंमत कमी-जास्त होईल का ही काळजी करू नका, मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीनं 2022 ला परत स्पष्ट केलंय.

मान्यता म्हणजे काय ते मात्र नीट समजून घ्या, इथं शिकलेली माणसंसुद्धा चुकतात. विद्यापीठाला मान्यता आहे, बोर्ड मोठा आहे, पेपरात जाहिरात आहे, याचा उपयोग नाही. मान्यता कोर्सनुसार आणि सत्रानुसार असते. यूजीसीचा डीईबी म्हणजे दूरशिक्षण विभाग आहे, त्यांच्या वेबसाइटवर विद्यापीठाचं नाव, सत्र आणि त्या सत्रात कुठले कोर्स चालू आहेत याची यादी असते. तुमचा कोर्स, तुमचं सत्र त्या यादीत सापडलं पाहिजे. सापडलं की ते पान पीडीएफ करून ठेवा आणि एक प्रिंट फाइलला लावा. पाच-सात वर्षांनी कोणी पडताळणी मागितली तर यादी शोधत कुठं फिरणार? आणखी एक, परराज्यातल्या खासगी विद्यापीठाला डिस्टन्ससाठी आपल्याकडं अभ्यासकेंद्र काढता येत नाही, आणि एजंटला किंवा क्लासवाल्याला फ्रँचायझी देणं तर कुणालाच चालत नाही. ऑनलाइन डिग्री ही वेगळी पद्धत, ती देशात कुठूनही करता येते, पण तिचंही नाव डीईबीच्या यादीत लागतंच. डिस्टन्सच्या मार्कशीटच्या मागच्या बाजूला पद्धत कुठली, प्रवेशाची तारीख, अभ्यासकेंद्र, परीक्षा केंद्र हे छापायचा नियम आहे. त्यामुळे दोन वर्षांची डिग्री मागच्या तारखेनं सहा महिन्यांत देतो म्हणणाऱ्याचं पुढं काय होतं ते मार्कशीट उलटी केली की कळतं.

आता नावाकडं येतो. हे जरा सावकाश वाचा.

डिस्टन्सच्या कुठल्याही अॅडमिशनला आता आधी दोन आयडी लागतात. पहिला एबीसी म्हणजे अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी, 12 आकडी, डिजिलॉकरमधनं आधारवर निघतो, काही ठिकाणी त्यालाच अपार म्हणतात. तो घेऊन डीईबीच्या पोर्टलवर जायचं आणि डीईबी आयडी काढायचा. 2024 पासून हे सक्तीचं झालंय, त्याशिवाय विद्यापीठाचा फॉर्म पुढं सरकत नाही. काम दहा मिनिटांचं, फुकट. अडचण एवढीच की या दोन्हीत तुमचं नाव आधारवरनं उचललं जातं, आणि विद्यापीठ तपासतं ते मार्कशीटवरनं.

तुमचं लग्न बीकॉमनंतर झालं असणार. म्हणजे दहावी, बारावी, बीकॉमवर माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव. आधार-पॅनवर सासरचं. त्यात आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. फॉर्ममध्ये फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम असे तीन डबे, त्यात कोण काय भरेल सांगता येत नाही. क्रम उलटा असला तर बहुतेक वेळा निभावतं. आडनावच वेगळं असलं तर निभावत नाही.

एक किस्सा सांगतो, नाव बदललंय. पूर्व भागातली ललिता, साखर पेठेची, घरात तेलुगू बोलणारी, वडील मागावर. दहावीच्या मार्कशीटवर ललिताचं इंग्रजी स्पेलिंग आपल्यासारखं, शेवटी नुसता टी आणि ए. आधार काढलं तेव्हा घरातल्या कोणीतरी तेलुगू पद्धतीनं टी-एच-ए सांगितलं. एका एचचा फरक. डीईबी आयडीवर एच आलं, मार्कशीटला नाही, कागद तपासणाऱ्यानं त्रुटी काढून फॉर्म परत पाठवला. मेल आला होता, पण मेल आयडी होता फॉर्म भरून देणाऱ्या कॅफेवाल्याचा, मोबाइल नंबरही त्याचाच, आणि तो दिवाळीत दुकान बंद करून गावाकडं गेलेला. त्रुटी भरायची मुदत संपली. पोरगी माझ्यासमोर व्हरांड्यात उभी, हातात पैसे भरल्याची पावती, म्हणते "सर, फी तर गेलीय की वो." फी गेलीच होती, अॅडमिशन नव्हती. पुढच्या सत्राला परत भरली, आता शिकवते कुठंतरी अशोक चौकाकडं.

तर काय करायचं. स्पेलिंगमधला किरकोळ फरक असेल तर आधार दुरुस्त करून दहावीच्या मार्कशीटसारखं करा, मार्कशीट बदलायच्या भानगडीत पडू नका. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे केंद्रावर ऑपरेटरच्या स्क्रीनवर एक एक अक्षर वाचून मगच हो म्हणा. आडनावच बदललं असेल तर दोन रस्ते आहेत आणि दोन्हीत मी लोकांना पाठवलंय. नोकरी, बँक, पीएफ, पॅन सगळं सासरच्या नावानं असेल, तुमचं तसंच असणार, तर आधारला हात लावू नका. विवाह नोंदणी दाखला आणि राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद, हे दोन काढा आणि फॉर्मला जोडा. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, छापून यायला थोडे दिवस जातात, म्हणून म्हणतो की फॉर्म सुटायच्या आधी करा. लग्न 2003-04 च्या सुमारास झालं असेल तर नोंदणीच केलेली नसते पुष्कळांनी, ती आता करता येते. आणि सगळं माहेरच्याच नावानं चालू असेल, अशाही बायका येतात, तर मग काही करूच नका, सरळ भरा. नोटरीचं प्रतिज्ञापत्र एकटं पुरतं का? कधी घेतात, कधी परत पाठवतात. मी राजपत्रच सांगतो, कारण ते एकदा झालं की पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत कामाला येतं.

तुमचं वर्ष 2003 म्हणालात ना, त्यात आणखी एक मेख आहे. आपलं सोलापूर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला सुरू झालं. तुम्ही शिकलात सोलापुरात पण डिग्री शिवाजी विद्यापीठाची, कोल्हापूरची. फॉर्ममध्ये विद्यापीठ निवडायची यादी येते तिथं सोलापूरची माणसं सवयीनं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ निवडतात. मार्कशीटवर शिवाजी, फॉर्ममध्ये सोलापूर, झाली त्रुटी. तुम्ही शिवाजीच निवडा.

आणि डिग्री सर्टिफिकेट घेतलंय का? मार्कशीट म्हणत नाही मी, पदवीदानाचं ते मोठं सर्टिफिकेट. त्या काळात त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फी असायची आणि निम्म्या मुलींनी तो कधी केलाच नाही, तिसऱ्या वर्षाची मार्कशीट म्हणजेच डिग्री असं समजून लग्न करून गेल्या. काही विद्यापीठं अॅडमिशनला शेवटच्या वर्षाची मार्कशीट चालवून घेतात, काही सर्टिफिकेट मागतात. पण एमए झाल्यावर नोकरीला जाल तिथं ते मागणारच, तेव्हा आजच कोल्हापूरला अर्ज टाका. आधी माळ्यावरची पेटी उघडून बघा, पुष्कळदा लॅमिनेट करून ठेवलेलं सापडतं.

एवढं झालं की मगच फॉर्म. वर्षात दोन वेळा सत्र असतं, जानेवारीचं आणि जुलैचं, सगळे कोर्स दोन्ही वेळा नसतात हे बघून घ्या. जानेवारीची घाई गड्ड्याच्या यात्रेत येते आणि जुलैची आषाढीच्या गर्दीत, आणि आपली माणसं शेवटच्या तीन दिवसांतच जागी होतात. मुदतवाढ मिळतेच या भरवशावर राहू नका, मिळते पुष्कळदा, पण ज्या वर्षी मिळत नाही त्या वर्षी आपणच असतो.

फोटो, सही, मार्कशीट सगळं स्कॅनरवर स्कॅन करा. मोबाइलनं काढलेला फोटो, त्यात गादीवरची फुलं दिसतायत, असे किती बघितले. साइझची मर्यादा असते, इग्नूला फोटो 100 केबीच्या आत आणि कागद 200 केबीच्या आत लागायचे, प्रत्येकानं सूचनेचं पान वाचून करावं. मेल आणि मोबाइल स्वतःचा. हे ललिताच्या किश्शात आलंच, पण परत सांगतो कारण दर रविवारी यातलं एक प्रकरण असायचंच. मुलाचा नंबर पण नको देऊ, दहावीनंतर तो सिम बदलेल, मग ओटीपी कुणाकडं जाणार? पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, लोक काही म्हणू देत.

अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचं म्हणून डोळे झाकून टिक करू नका. त्या केंद्रावर तुमचा विषय चालू आहे का ते बघा. मराठीला दोन-चार विद्यार्थी असले तर तास होतच नाहीत, मोठ्या केंद्रावर निदान पाच-सहा रविवार होतात. थिअरीच्या विषयांना तासांना हजर राहायची सक्ती नसते साधारण, पण तिथं जायचं ते सोबतीसाठी. मोहोळ, बार्शीहून पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या बायका डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन यायच्या, तास संपला की व्हरांड्यातच एकमेकींच्या असाइनमेंट बघत बसायच्या. त्या गटातलं कोणी फारसं गळालं नाही.

फी फक्त विद्यापीठाच्या पोर्टलवर, तुमच्या खात्यातनं किंवा कार्डानं. पैसे कापले आणि पावती आली नाही तर लगेच परत भरू नका, एक-दोन दिवस थांबून स्टेटस बघा, डबल पेमेंट परत मिळवायला फार हेलपाटे पडतात.

आता असाइनमेंट, आणि तुमच्या नवी पेठेतल्या माणसाची तिथली सेवा. इग्नूला बहुतेक एमएला 30 टक्के गुण असाइनमेंटला आणि 70 टक्के परीक्षेला, आणि दोन्हीकडं वेगवेगळं 40 टक्क्यांनी पास व्हावं लागतं. असाइनमेंट जूनच्या परीक्षेसाठी साधारण मार्च-एप्रिलपर्यंत आणि डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. स्वतःच्या हातानं लिहायची. बाजारात तयार मिळतात हे मला माहिती आहे, तपासणाऱ्यालाही माहिती असतं, एकाच अक्षरातल्या अकरा असाइनमेंट एका गठ्ठ्यात आल्या की त्याला काय करायचं ते तो करतो. पण त्याहून मोठी गोष्ट, वीस वर्षांनी तुम्ही परत तीन तास पेपर लिहिणार आहात. हाताची सवय गेलेली असते. कीबोर्डवर व्हाउचर टाकणारा हात दुसऱ्या तासाला दुखायला लागतो, अक्षर गावभर पळतं. असाइनमेंट लिहिली की ही सवय फुकटात येते. विकत घेतली तर मे-जूनच्या सोलापुरी उन्हात पंखा फिरत नसलेल्या हॉलमध्ये ती येणार नाही. जमा करताना झेरॉक्स काढून ठेवा आणि पोच घ्या, सही-शिक्क्याची. गुण चढले नाहीत तर ती पोचच दाखवावी लागते.

परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, त्याची फी पेपरमागे वेगळी, हे पुष्कळांना हॉल तिकीट आलं नाही तेव्हा कळतं.

आणि दुसऱ्या वर्षाचं रजिस्ट्रेशन. यात मी स्वतः पडलोय म्हणून सांगतो. मी एमए डिस्टन्सनंच केलं, या कामाला लागायच्या आधी. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली, निकालाची वाट बघत बसलो, कॉलेजात असंच असतं ना, निकाल लागला की पुढच्या वर्गात अॅडमिशन. निकाल लागला तोपर्यंत दुसऱ्या वर्षाच्या रजिस्ट्रेशनची मुदत जाऊन दीड महिना झाला होता. एक वर्ष घरी. चूक माझीच, माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. मुक्त विद्यापीठात पुष्कळ ठिकाणी पुढच्या वर्षाचं रजिस्ट्रेशन निकालावर अवलंबून नसतं, पहिल्या वर्षाचे पेपर राहिले असले, परीक्षा दिली नसली तरी ठरलेल्या मुदतीत ते करायचं. त्याला री-रजिस्ट्रेशन म्हणतात. परीक्षेच्या धामधुमीच्या आसपासच त्याची लिंक सुटते, त्यामुळं नजर चुकते. कॅलेंडरवर आजच लाल पेननं खूण करा, महिनाभर आधीची. राहिलंच तरी डिग्री जात नाही, दोन वर्षांच्या एमएला साधारण चार वर्षांपर्यंत मुदत मिळते, पण मुलगा बारावीला असताना तुम्ही पहिल्या वर्षाचे राहिलेले पेपर देत असाल, ते टाळता आलं तर बरं.

खाली कॉमेंटमध्ये एका गुरुजींनी विचारलंय, जिल्हा परिषदेत आहे, न विचारता केलं तर चालतं का. नाही सर, आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत जपा, नंतर सेवापुस्तकात नोंद करताना तीच मागतात. आणि बीएड चालू असताना एमए डिस्टन्सनं करू का असं विचारणाऱ्या मुलीला, 2022 पासून एक रेग्युलर आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकत्र चालतात, पण बीएडच्या कॉलेजला विचारून घे, आणि परीक्षेच्या तारखा एकावर एक आल्या तर कोणी थांबत नाही.

परत ताईंकडं. तुमच्या बाबतीत क्रम मी असा लावीन: या आठवड्यात पेटीतली कागदं काढून दहावी, बारावी, बीकॉम आणि आधार चारी शेजारी शेजारी टेबलावर ठेवायची आणि नाव अक्षर अक्षर ताडून बघायचं, मग विवाह नोंदणी आणि राजपत्र, त्याच वेळी कोल्हापूरला डिग्रीचा अर्ज, ते चालू असताना एबीसी आणि डीईबी आयडी, आणि शेवटी विद्यापीठ. मुलाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होईल, तुम्ही जुलैचं सत्र धरलं तर कागदांना वेळही मिळतो आणि घरात एका वेळी एकच परीक्षा राहते. जानेवारीची ओढाताण मी करणार नाही.

नवी पेठेतल्या माणसाला 18 हजारांची पावती कुणाच्या नावानं देणार एवढं विचारा. तो विद्यापीठाच्या नावानं म्हणाला तर म्हणा मी पोर्टलवर स्वतःच भरते. नुसता फॉर्म भरून द्यायचे शे-दोनशे घेत असेल तर द्या की, त्यात काही चुकीचं नाही, फक्त शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि नंबर आपला घाला.

चारी कागदांवर नावं काय निघतात ते इथं लिहा, पूर्ण नाव नको, फक्त कुठं फरक आहे तेवढं. मग आधारला हात लावायचा का राजपत्राला जायचं ते सांगतो.